बारा क्विंटल धानाचं कार्ड

मुनग्याच्या शेंगा काढायला आकडी घेऊन मागच्या वाडीत गेले, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. शेजारच्या वहिनींची हाक दोन तऱ्हांची असते. "ताईऽऽ" असं लांब ओढलं की समजायचं, सांबार, म्हणजे कोथिंबीर, हवा आहे. "ताई, हाय का?" असं दबक्या आवाजात आलं की समजायचं, ऐकण्यासारखं काही आहे. आजचा आवाज दबका होता, अन् हातात घडी केलेला कागद.

"तुमी कॉम्प्युटर शिकवत होते ना जी, हे वाचा बरं. पोट्ट्यानं नागपूरवरून आणलं."

सीताबर्डीच्या एका दुकानाचं एस्टिमेट होतं. दहा ओळी, खाली बेरीज 1,25,000. डोक्यावर पोराने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'व्हिडिओ रेंडरिंगसाठी', अन् त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. माझी पहिली शंका त्या दोन रेघांवरच गेली. खऱ्या कारणाला कोणी दोनदा अधोरेखित करत नाही.

"म्हणते का, सीपीयू बनवाचा हाय. मी म्हटलं, काहून रे, नुसत्या डब्याले सव्वा लाख?"

इथे माझं एक पाप कबूल केलं पाहिजे. गोंदियात मी बरीच वर्षं एमएस-सीआयटीचा वर्ग चालवला. पहिल्या दिवशी फळ्यावर चित्र काढायची: हा मॉनिटर, हा की-बोर्ड, हा माऊस, अन् बाजूच्या उभ्या डब्याकडे बाण करून लिहायची 'सीपीयू'. पोरं वहीत उतरवून घेत. मुर्रीपासून कुडव्यापर्यंत आज जो तो डब्याला सीपीयू म्हणतो, त्यातल्या बऱ्याच जणांचं बोट माझ्या फळ्याकडे जाईल. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आगपेटीएवढा चौकोनी तुकडा. या कागदावर त्याचे एकट्याचे 25,000 लावलेले होते. डबा तो डबाच. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतो.

"आगपेटीचे पंचवीस हजार?" वहिनींनी पदर तोंडाला लावला. "मंग डब्याचे?"

"नऊ हजार. काचेचा आहे, आत सहा पंखे, सगळ्यांना रंगीत लायटा."

"पंखे? आमच्या घरात मिळून चार हाय."

ओसरीवर खाटेवर त्यांच्या सासूबाई पोपटाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आजींना ऐकू कमी येतं असा सगळ्यांचा समज आहे, पण पैशाचा आकडा त्यांना कुंपणापलीकडूनही ऐकू जातो. "धानात सांग व माय," त्या म्हणाल्या.

धानात म्हणजे हमीभावात. 2025-26 च्या खरिपाला साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये क्विंटल होता. मी मोबाइलवर भागाकार केला. सव्वा लाखाचे त्रेपन्न क्विंटलला थोडे कमी. एवढा धान पिकवायला किती बांध्या लागतात, याचा हिशेब आजींच्या डोक्यात माझ्या मोबाइलच्या आधीच होऊन गेला असावा, कारण त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

आता वहिनींचा बाबू काही उनाड नाही, हेही सांगते. लग्नाचे व्हिडिओ काढतो, सेकंडहँड कॅमेरा स्वतःच्या कमाईतून घेतलाय. यंदा भाऊबिजेनंतर झाडीपट्टीत नाटकं सुरू झाली तेव्हा त्याला एका नाटकाचं शूटिंग मिळालं. आपल्याकडची नाटकं म्हणजे पुण्या-मुंबईची अडीच तासांची नव्हेत. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, रात्री पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत रसिक घोंगड्या गुंडाळून बसलेले. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव जातात, हंगामभर एकेक कलावंत रोज वेगळ्या गावी. 2023 साली गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीच्या कामाबद्दल. तर असं सहा तासांचं नाटक बाबूने दोन कॅमेऱ्यांनी टिपलं अन् घरी आणून जुन्या लॅपटॉपमध्ये घातलं.

"तीन दिवस सुरू होता जी लॅपटॉप," वहिनी सांगू लागल्या. "पंख्याखाली ठेवला, मंग कूलरसमोर ठेवला. चौथ्या दिवशी पायतो तं खाली बर्फाची पिशवी! म्या म्हटलं, ताप आला का याले?"

ताप येणारच. रेंडरिंग म्हणजे काय, ते मी वहिनींना असं सांगितलं. कापाकापी, जोडाजोडी, रंग, गाणं, सगळं ठरवून झाल्यावर मशीनला शेवटी प्रत्येक चित्र नव्याने तयार करावं लागतं. सेकंदाला 25 चित्रं धरली तर सहा तासांच्या नाटकाची 5 लाख 40 हजार चित्रं. मिलमध्ये धान टाकला की तांदूळ बाहेर यायला दाणा न् दाणा सोलला जावा लागतो, तसं. एकही चित्र वगळून चालत नाही.

"मंग खरंच लागते म्हणा मशीन."

"लागते. पण हे एस्टिमेट त्या मशीनचं नाही."

वहिनी कुंपणाच्या आणखी जवळ आल्या. सोयरिकीच्या याद्या होतात तेव्हा कसं, कोण काय मागतो यावरून घर ओळखता येतं. भांडी मागणारं घर वेगळं, बुलेट मागणारं वेगळं. एस्टिमेटही तसंच चुगली करतं. या कागदावर प्रोसेसर, कार्ड, काच, लायटा, वाजणारा की-बोर्ड अन् सेकंदाला 180 वेळा चित्र बदलणारा मॉनिटर होता. रॅमची मात्र 16 जीबीची एकच पट्टी. साठवायला 512 जीबीची एसएसडी. जो माणूस रात्रभराचं नाटक दोन कॅमेऱ्यांनी टिपतो, त्याची ही यादी असूच शकत नाही. 100 एमबीपीएसने फोर-के चित्रण केलं तर तासाला 45 जीबी लागतात. सहा तासांचे 270, दोन कॅमेऱ्यांचे 540. म्हणजे एक नाटकसुद्धा त्या एसएसडीत मावत नाही, विंडोज वगैरे तर दूरच राहिलं. ही यादी गेमवाल्याची आहे. वरच्या दोन रेघा आईबापासाठी.

"मले वाटतच होतं!" वहिनींचा चेहरा असा उजळला की पोरगा पकडला गेल्याचं दुःख कुठे दिसेना. "राती दोनले 'मार, मार' ओरडत रायते."

"गेम खेळू द्या हो. वीस-बावीसचं वय. पण तुमच्या पैशांत आधी काम झालं पाहिजे, मग खेळ. खेळाच्या मशीनवर काम अडतं, कामाच्या मशीनवर खेळ अडत नाही. तो व्हॅलोरंट खेळतो ना? त्याला फार मोठं कार्ड लागतच नाही."

कार्ड म्हटल्यावर आजींनी मान वर केली. ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स 5060, किंमत 28,500. बारा क्विंटल धानाचं कार्ड.

हे कार्ड मात्र मी कापलं नाही, अन् का नाही ते वहिनींना रोवणीवरून समजावलं. प्रोसेसर म्हणजे शेताचा मालक. हुशार, कुठलंही काम येतं, पण हात मोजके. कागदावरच्या रायझन 7 7700 ला आठ कोर आहेत, म्हणजे आठ हात म्हणा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे रोवणीच्या बाया. एकेकीला एकच साधं काम, पण सगळ्या एकदम वाकतात. या कार्डात असे 3,840 कोर आहेत. चित्राचा प्रत्येक ठिपका रंगवणं हे रोवणीसारखंच काम आहे, हुशारीचं कमी, एकदम करण्याचं जास्त. म्हणून खेळाला जे कार्ड लागतं तेच रेंडरिंगलाही उपयोगी पडतं, आणि म्हणूनच पोरांना घरी खोटं बोलणं इतकं सोपं जातं.

एक गंमत सांगू? भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. त्याच वर्षी एनव्हिडियाने जीफोर्स 256 नावाचं कार्ड काढलं अन् जगातला पहिला 'जीपीयू' म्हणून त्याची जाहिरात केली. आपला जिल्हा अन् त्यांचा जीपीयू एका वयाचे. कोण किती पुढे गेलं, यावर मी काही बोलत नाही. कुंपणाला कान असतात.

5060 ठेवण्याचं दुसरं कारण बारीक आहे, पण बाबूच्या पोटापाण्याचं आहे. त्याचा कॅमेरा 10 बिट 4:2:2 अशा पद्धतीने चित्रण करतो. म्हणजे रंगांची नोंद जास्त बारकाईने. हळदीचा पिवळा, शालूचा लाल, मांडवातल्या निळ्या लायटीत काळपटलेले चेहरे, हे नंतर सुधारता येतात ते त्यामुळे. पण अशी फाइल उलगडायला मशीनला घाम फुटतो. एनव्हिडियाच्या आधीच्या पिढ्यांच्या कार्डांना ती थेट उलगडता येत नव्हती. 2025 मध्ये आलेल्या 50 च्या मालिकेला येते. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांमध्ये जी अंगची ग्राफिक्स असते, तिलाही येते. फक्त ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात ती ग्राफिक्सच नसते. दुकानदार 'एफ'वाला दीड-दोन हजारांनी स्वस्त आहे म्हणून पुढे करतो आणि खेळणाऱ्याला तो चालतोही. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने त्या एका अक्षरापासून जपून राहावं.

कार्डात उणीव आहे, नाही असं नाही. स्वतःची मेमरी 8 जीबीच आहे. खळं लहान असलं की सगळे भारे एकदम आणून टाकता येत नाहीत, फेऱ्या वाढतात. जड इफेक्ट लावले की तसं होईल. 16 जीबीचं मोठं भावंड आहे, पण त्याला आणखी वीसेक हजार. "आठ-नऊ क्विंटल," आजी म्हणाल्या अन् विषय संपला. कार्ड पुढे बदलता येतं. स्क्रू काढा, ओढा, दुसरं बसवा.

"बाबूच्या मामाच्या ओळखीत एक जण स्वस्तात देतो म्हणते," वहिनींनी नवीन धागा काढला. "वापरलेलं हाय, पण नव्यावानी दिसते."

नव्यावानी दिसणाऱ्या जुन्या कार्डाची कूळकथा विचारावी. 2021 च्या सुमारास इथेरियम नावाचं आभासी नाणं 'खणण्या'साठी लोकांनी खोल्या भरभरून कार्डं लावली होती. रात्रंदिवस, महिनोन्‌महिने. कार्डांचे भाव तेव्हा असे चढले की साध्या गिऱ्हाइकाला मिळेनात. मग सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमने पद्धतच बदलली, खणणं बंद झालं, अन् ती घामेजलेली कार्डं पुसूनपासून बाजारात आली. सगळीच वाईट असतात असं नाही. पण मला विचाराल तर बैल घेताना दात बघतात तसं इथे बिल बघावं. मामाच्या ओळखीकडे बिल नव्हतं.

आता रॅम. इथे मला बाबूचा राग कमी अन् कीव जास्त आली, कारण यात त्याचा दोष नाही. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव सोन्यासारखे पळाले. जगभरात एआयसाठी जी मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहताहेत, त्यांना मेमरी लागते. बनवणारे मोजकेच, ते मोठ्या गिऱ्हाइकाचं आधी बघतात. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये 'क्रुशियल' हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. म्हणून एस्टिमेटात 16 जीबीच्या एका पट्टीचे 16,000.

"म्हंजे अमेरिकेत कोनी कॉम्प्युटरसंग बोलते, म्हणून आमच्या मुर्रीत रॅम माग?"

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

महाग असली तरी पट्ट्या दोन लागतात. शंकरपटात एक बैल जुंपून कोणी उतरत नाही. प्रोसेसरला रॅमकडे जायचे दोन रस्ते असतात, दोन्हीकडे पट्टी असली की माल दुप्पट वाहतो. शिवाय 16 मध्ये फोर-के एडिटिंग अडखळतं, 32 मध्ये सुखाने होतं. आज एक, पुढे एक, असंही करता येतं, पण पुढे तीच जोडी मिळेल याचा भरवसा नाही, आणि वेगळ्या खुराकाचा बैल जुंपला तर दोघं मिळून हळू चालतात. एएम5 सॉकेटचा हा बोर्ड फक्त डीडीआर5 घेतो. जुन्या कॉम्प्युटरमधल्या पट्ट्या काढून लावू म्हणाल तर खाचच जुळत नाही. मी वहिनींना म्हटलं, दुसरी पट्टी घ्याच, पैसे कुठून काढायचे ते मी दाखवते.

पहिले पैसे कूलरमधून.

"त्याले कूलर लागते?" वहिनी चमकल्या. "आमचाच अजून काढला नाई वरून. ताट्या बदलाच्या हाय."

विदर्भात कूलर या शब्दाला दुसरा अर्थच नाही. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, आत पंखा. एस्टिमेटातला कूलर मात्र प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो, अन् बाबूने निवडलेला तर पाण्याचा होता. लिक्विड कूलर, 9,500.

"पाणी अन् लाईन एकाच डब्यात?"

असतं बंद नळीत, गळत नाही सहसा. दिसायलाही छान. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा खोलीतली हवाच मुळी तापलेली असते, अन् पाण्याचा असो की वाऱ्याचा, कुठलाही कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त आतली उष्णता बाहेर फेकतो. एवढ्या प्रोसेसरला अडीच हजारांचा तांब्याच्या नळ्यांचा, एका पंख्याचा साधा कूलर पुरतो. पंखा गेला तर पाचशेत नवा येतो. पंप गेला तर सगळं बिऱ्हाड बदलावं लागतं. आणि हो, घरचा कूलर कॉम्प्युटरकडे तोंड करून लावायचा नाही. ओलं वारं आत गेलं की गंज. लॅपटॉपला त्याने ती शिक्षा दिलीच आहे.

काचेच्या डब्याचंही तेच. समोरून काच म्हणजे खिडकीला फळी ठोकणं. जाळीचा डबा घ्या, साडेचार हजारांत मिळतो, पुढे धूळ अडवणारं पातळ फिल्टर असतं. आपल्याकडे राइस मिलांचा कोंडा अन् तूस हवेत किती असतं, ते दोरीवरच्या कपड्यांना विचारा. फिल्टर दर रविवारी नळाखाली धुवायचं, वाळवून लावायचं. अन् काचेचा डबा नागपूरहून गोंदियाच्या गाडीत, जनरल डब्यात, लग्नसराईच्या गर्दीत, मांडीवर घेऊन कोण येणार? बाबूचे बाबा. हे ऐकून वहिनींनी काच तिथल्या तिथे रद्द केली. गाडीने आणताना कार्डही काढून वेगळ्या खोक्यात आणावं, नाहीतर धक्क्यांनी त्याच्याच वजनाने बोर्डाची खाच मोडते.

की-बोर्डात दोन हजार वाचले. प्रोसेसर 7700 ऐवजी 7600 घ्यायला सांगितला, आठाऐवजी सहा कोर, सात हजार वाचले. इथे बाबू माझ्याशी भांडेल, अन् त्याचं थोडं बरोबरही असेल, कारण काही कामांना ते दोन कोर जाणवतात. पण रॅमच्या जोडीपुढे दोन कोर मी सोडले. तो बोर्ड पुढचे प्रोसेसरही घेतो, नंतर बदलू म्हणावं.

मधेच आजींनी विचारलं, "तयार काहून नाई घेत? टीव्ही आपन जुळवून आनला होता का?"

प्रश्न चांगला होता. तयार मशीनमध्ये दुकान ठरवतं कशावर वाचवायचं, जुळवलेल्यात तुम्ही ठरवता, एवढाच फरक. मी आजींना परमची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या दशकात भारताला मोठा सुपरकॉम्प्युटर हवा होता, अमेरिका देईना. मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, अन् तिथल्या लोकांनी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान लहान चिपा जोडून 1991 मध्ये परम 8000 उभा केला. त्यांचे प्रमुख विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आपल्या विदर्भातले. एक मोठा मेंदू मिळाला नाही, तर अनेक लहान मेंदू एकत्र जुंपले. ग्राफिक्स कार्ड तरी दुसरं काय करतं?

"त्यायनं बी सीताबर्डीतूनच नेले का पार्ट?" वहिनींनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की त्या थट्टा करताहेत की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता ज्या ओळीसाठी मी खरं तर एवढा वेळ उन्हात उभी राहिले, ती ओळ. एसएमपीएस, 2,500. कंपनीचं नाव नाही, नुसतं '550 वॅट'. सव्वा लाखातली ही सगळ्यात लहान ओळ, अन् तिच्यावर बाकीच्या नऊ ओळींचा जीव.

भिंतीतून 230 व्होल्ट येतात. आतल्या चिपांना 12, 5, 3.3 असे मोजून-मापून लागतात. ते करून देणारा हा लोखंडी डबा. आपल्याकडची लाइन कशी ते सांगायला नको. शेतात मोटारी लागल्या की ट्यूबलाइट पिवळी पडते, सोडल्या की बल्ब डोळे वटारतो. चांगला एसएमपीएस हे पोटात घेतो. बिननावाचा घेत नाही, अन् मरताना कार्डालाही सोबत नेतो. माझ्या वर्गातली दोन मशीनं अशीच गेली होती, एकाच दुपारी. तेव्हा मीही स्वस्त डबे घेतले होते.

550 वॅट हा आकडा चुकलेला नाही. कार्ड 145 पर्यंत ओढतं, प्रोसेसर त्याहून कमी, सगळं मिळून तीनशेच्या आसपास. आठशे-हजार वॅटचा विकायला बसलेल्या दुकानदाराला नमस्कार करावा. आकडा खरा असला पाहिजे, एवढंच. नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लस ब्राँझ लिहिलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा, सहा हजारांत येतो. हातात घेतला तरी समजतं. हलका लागला तर ठेवून द्यावा. अन् बिल पक्कं घ्यायचं, 18 टक्के जीएसटीसकट. बिनबिलाचा भाव ऐकायला गोड असतो. तीन वर्षांनी कार्ड बंद पडलं की त्याची चव समजते.

हिशेब केला. कूलरचे सात हजार, डब्याचे साडेचार, की-बोर्डाचे दोन, प्रोसेसरचे सात. वाचले 20,500. रॅमची दुसरी पट्टी सोळा हजार, एसएमपीएसची वाढ साडेतीन. गेले 19,500. मॉनिटर त्याच पैशांत, फक्त खेळाचा वाकडा सोडून रंग नीट दाखवणारा आयपीएस.

"अन् ते नाटक मावत नाई म्हणे, त्याचं?"

मोठी हार्ड डिस्क लागेल, 4 टीबीची. त्यावर निकाल आजींनीच दिला. नाटकवाल्यांकडून जे पैसे यायचे आहेत, त्यातून पोट्ट्याने स्वतः घ्यावी. धानाचे चुकारे तिथपर्यंत येणार नाहीत. यूपीएससुद्धा त्याच रांगेत लागला.

म्हणजे हजार रुपये उरले. वहिनी म्हणाल्या, ते लायटींना देऊ, पोराचं मन तरी राहील. मी विचारलं, त्याच्या लॅपटॉपची पिन कुठे लावता? म्हणाल्या, बैठकीतल्या बोर्डात, पण त्याला हात लावला की मुंग्या येतात, फ्रिजलाही येतात, चप्पल घालून उघडतो आम्ही.

मी आकडी खाली ठेवली.

मुंग्या येतात म्हणजे अर्थिंग नाही. तीन पिनांतली वरची जाड पिन शोभेची झालेली. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो, तो थोडा करंट डब्याच्या पत्र्याकडे सोडतो. तो जमिनीत जायला हवा. वाट नसली की पत्र्यावरच बसून राहतो, अन् कोणी हात लावला की त्याच्यातून जातो. लॅपटॉपला मुंग्या, एवढ्या मोठ्या लोखंडी डब्याला चांगला झटका. त्यात कधी खरंच आत वायर सुटली तर मुंग्यांवर भागणार नाही.

"मंग सव्वा लाखाचं मशीन लावाच्या आधी..."

"आधी खड्डा."

मुनग्याच्या बुडाशी, कुंपणाच्या त्यांच्या अंगाला, जिथे मोरीचं पाणी जिरतं तिथे जमीन बाराही महिने ओली असते. बोअरच्या वेळचा जीआय पाइप त्यांच्याकडे पडलेला आहेच. खड्डा बाबू खणेल. वायरमन रविवारी येतो म्हणाला. वहिनींनी माझ्याकडून पेन घेतलं अन् एस्टिमेटाच्या दहा ओळींखाली अकरावी लिहिली: 'जाडं मीठ, कोळसा, तार.'

"हे किती धानाचं होते?" आजींनी विचारलं.

अर्ध्या क्विंटलच्या आतलं.